बाई, तुमची पट्टी अजून आमच्याकडेच आहे

आदरणीय बाई,

पालकसभेत बोलायला उभी राहिले आणि घसा दाटला, म्हणून हे पत्र. इतर आयांनीही वाचलं तर बरंच.

मी चौथीत स्कॉलरशिपच्या यादीत आले होते. तेव्हा ती परीक्षा चौथी-सातवीला असायची, 2016-17 मध्ये पाचवी-आठवीला गेली. लेक पाचवीत गेली आणि माझ्याच अंगात आलं. दर रविवारी सराव पेपर, आणि दर शनिवारी रात्री तिच्या पोटात दुखणार. ओवा झाला, डॉक्टर झाले. शेवटी मी म्हटलं, नाटकं आहेत.

तुम्ही बोलावून घेतलंत आणि काही न बोलता तिची कंपासपेटी उघडून पुढे सरकवलीत. झाकणाच्या आत पेन्सिलीने बारीक आकडे, सराव पेपरांचे मार्क: 212, 198, 224, 186. प्रत्येकाशेजारी एक चेहरा. हसरा, रडका. मला वाटलं चेहरे तिचे असतील. ‘आईचे आहेत,’ तुम्ही म्हणालात.

मग मलाच त्या बुटक्या बाकावर बसवलंत. दुसरा पेपर, 75 प्रश्न, 90 मिनिटं. म्हणजे प्रश्नाला 72 सेकंद, त्यातच गोल रंगवायचा, तोही पेनाने. आरशातल्या प्रतिमेचा 34वा प्रश्न मी सोडला आणि 35चं उत्तर 34च्या गोलात रंगवलं. लक्षात आलं तेव्हा मी पन्नासाव्या प्रश्नावर होते. खोडायची सोय नाही. भर हिवाळ्यात घाम फुटला हो! ‘तिला गणित येतं,’ तुम्ही म्हणालात, ‘ती ह्याला घाबरते.’

त्या दिवशी तुम्ही तिला तुमची लाकडी पट्टी दिलीत. उत्तरपत्रिकेवर चालू ओळीखाली ती ठेवायची, प्रश्नाचा आकडा ओठांत म्हणायचा, मगच गोल. सोडलेल्या प्रश्नापुढे प्रश्नपत्रिकेत ठिपका, आणि पट्टी एक ओळ खाली. एवढंच. मला मात्र पथ्य कडक होतं: पंधरा दिवस मार्क विचारायचे नाहीत, फक्त ‘आज कुठला प्रश्न आवडला?’ पहिले तीन दिवस ‘कुठलाच नाही’ असं उत्तर आलं. चौथ्या दिवशी तिने मला घड्याळाच्या काट्यांचं कोडं घातलं. मला सुटलं नाही. काय खूश झाली होती!

परीक्षेच्या आदल्या रात्री पोट दुखलं, थोडंसं. दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत मात्र तिने फोडणीची पोळी खाल्ली आणि माझ्या डब्यातलीही मागितली.

यादीत नाव नाही आलं. संध्याकाळभर रुसली, मग खेळायला गेली. मी जरा जास्त वेळ रुसले, खोटं कशाला बोलू.

पट्टी सोमवारी तिच्याबरोबर पाठवते. ती द्यायला तयार नाहीये, पण पाठवते.

तुमची,
पाचवी ‘ब’मधल्या एका मुलीची आई