अण्णा, त्या दोन खोक्यांबद्दल थँक्यू म्हणायचं राहिलंय

अण्णा, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभाराचं काही बोलूच देत नाही. "बरं बरं, जेवलास काय" म्हणून विषय बदलता, मग पाऊस, पंचगंगेचं पाणी कुठवर आलंय आणि नातवाचं क्रिकेट एवढ्यात फोन संपतो. म्हणून म्हटलं आता सगळ्यांसमोरच लिहावं, म्हणजे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. नातू वाचून दाखवेल, त्याला "पुढं वाच, पुढं वाच" करू नका.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. अण्णांचं लक्ष्मीपुरीत रिपेरिंगचं दुकान होतं, बोर्डावर रेडिओ, टेप, टीव्ही, मिक्सर सगळं लिहिलेलं, आणि मागं एक दहा बाय बाराची खोली. त्या खोलीत अण्णांनी स्वतः बनवलेले दोन स्पीकर होते. प्लायवूडची खोकी, वरनं सागाचा व्हीनियर, पुढची जाळी कधी लावलेली मी तरी बघितली नाही. विकायला नव्हते. ज्याचं काम व्हायला वेळ लागणार त्याला अण्णा आत नेऊन बसवायचे आणि काहीतरी लावून परत बाहेर सोल्डरिंग करायला जायचे. बस एवढंच. माझ्या ओळखीतली जी माणसं आज घरी शांतपणे दोन स्पीकरसमोर बसून गाणं ऐकतात ती बहुतेक सगळी या खोलीतनं बिघडून बाहेर पडलेली आहेत.

मी आलो होतो आईचा मिक्सर घेऊन, कॉलेजात होतो तेव्हा. तुम्ही म्हणाला कार्बन गेलाय, बस जरा. खुर्चीच्या चारी पायांच्या खुणा फरशीवर खडूनं केलेल्या, दोन्ही स्पीकरपासून सारखं अंतर, आणि मी टेकायला म्हणून ती भिंतीकडं ओढली तर "हलवू नको ती" असं बाहेरनंच ओरडला होता, तुम्हाला आवाजावरनंच कळलं असणार. लावलं होतं शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचं जुनं रेकॉर्डिंग. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दोन मिनिटात अंगावर काटा आला, कारण बाई खोक्यातनं गात नव्हत्याच, मधल्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं होतं तिथनं गात होत्या! आणि रेकॉर्डची ती खरखर होती की, पण ती वेगळीच कुठंतरी पुढं पडली होती आणि गळा तिच्या मागं स्वच्छ उभा. मी उठून स्पीकरच्या मधे जाऊन बघितलं पण, तिथं काहीच नव्हतं.

नंतर तुम्ही सांगितलं की यात जादू नाही. जुनं रेकॉर्डिंग मोनो, दोन्हीकडनं अगदी तोच आवाज एकाच वेळी कानावर येतो, मग मेंदू तो मधोमध मांडतो, पण त्याला दोन्ही स्पीकर खरोखर सारखे पाहिजेत, एकाची वायर उलटी लागली तरी सगळं चित्र फिसकटतं आणि बेस गायब होतो. मग दीड व्होल्टचा सेल घेऊन वूफरच्या, म्हणजे खोक्यातल्या खालचा आवाज काढणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या टर्मिनलला लावून दाखवला, प्लस प्लसला लावला तर कोन, म्हणजे त्याचा पडदा, पुढं येतो, उलटा लावला तर आत जातो. मिक्सर कधीच झाला होता, मी मात्र बसूनच. जाताना तुम्ही सहज म्हणाला की याच केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानातनं अंतराळात पाठवली. घरी जाऊन मी ते आईला सांगितलं तर ती म्हणाली मिक्सरचं किती घेतलं ते सांग.

खरं प्रेम मात्र तानपुऱ्यानं बसलं. तुम्ही माझ्याच मोबाईलवर तानपुरा लावायला लावला, मग तोच स्पीकरवर. पुरुषाचा काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज साधारण १३८ हर्ट्झला असतो, तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झ. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरातनं ६९ हर्ट्झ जवळपास येतच नाही, तरी आपल्याला खर्ज ऐकल्यासारखं वाटतं, कारण वरचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले बारीक स्वर, ऐकून कान खालचा पाया मनानंच भरून काढतो. हे तुम्ही सांगत होता आणि सांगता सांगता स्पीकर चालू केला, तर तो खर्ज नुसता ऐकू आला नाही, खुर्चीच्या दांडीला हाताला लागला पण. म्हणजे इतकी वर्षं मी जे ऐकत होतो त्यातलं निम्मं माझं मीच भरत होतो की काय? त्या रात्री झोप आली नाही, खरंच सांगतो.

मग पुढच्या वेळी विचारलं की एवढ्याशा खोक्यातनं एवढा खाली आवाज कसा जातो, तेव्हा तुम्ही ते अमेरिकेतल्या एडगर व्हिलचरचं सांगितलं. त्याआधी चांगला बेस पाहिजे तर कपाटाएवढं खोकं लागायचं. यानं १९५४ ला एआर-१ नावाचा स्पीकर काढला, खोकं पूर्ण हवाबंद, आणि वूफरला मागं खेचायचं काम त्याला धरून ठेवणाऱ्या ताठ सस्पेन्शनऐवजी आत कोंडलेल्या हवेला दिलं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा दाबा, सोडला की तो परत वर येतो, तसं. हवेची स्प्रिंग लोखंडी स्प्रिंगपेक्षा सरळ वागते म्हणून आवाज खाली जाऊनही फाटत नाही. १९५८ च्या एआर-३ मध्ये त्यानं घुमटाच्या आकाराचा ट्वीटर, म्हणजे वरचे बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर, घातला, आज बहुतेक घरगुती स्पीकरवर तसलाच असतो.

पण मला त्यातलं सगळ्यात आवडलेलं हे, की व्हिलचरच्या त्या कंपनीनं न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक ऐकायची खोली ठेवली होती आणि तिथं काही विकत नसत. गाडीला वेळ आहे, आत बसा, ऐका, जावा. शिवाय हॉलमध्ये खरे वादक बसवून मध्येच वाजवायचं थांबवून स्पीकर चालू करायचे, वादक नुसतं वाजवल्याचं नाटक करायचे, आणि बदल कधी झाला ते भल्याभल्यांना कळायचं नाही. अण्णा, तुम्ही हे सांगितलं तेव्हा स्वतःच्या खोलीबद्दल एक शब्द बोलला नाही. पण मी बघत होतो ना.

त्या खोलीत कोण कोण फसलं ते आठवा. माझी आत्या गडहिंग्लजहून ट्रान्झिस्टर दुरुस्त करायला आली, आयुष्यभर सांगली आकाशवाणीवर नाट्यसंगीत ऐकलेली बाई, तिला तेच पद लावून दिलंत तर ती तान सुरू व्हायच्या आधीच म्हणाली, "अगं बाई, ही श्वास घेती ते ऐकू येतंय!" आणि मग पुढचं सगळं गाणं ती गायिकेच्या श्वासाकडंच लक्ष देऊन ऐकत बसली. माझा तबलेवाला मित्र, त्याला डग्ग्यावर तळवा सरकवल्यावर जो स्वर वाकतो ना, तो पहिल्यांदा रेकॉर्डिंगमध्ये पूर्ण ऐकू आला, म्हणाला मी घरी सगळं टक्-टक् ऐकत होतो. आणि तो डॉल्बीवाला पोरगा! मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आलेला, गळ्यात चेन, आल्या आल्या "अण्णा हे किती वॅटचं?" तुम्ही मान वर न करता म्हणाला, "आत्ता वाजतोय तो दीडेक वॅट असंल." पोरगं हसायला लागलं. मग तुम्ही त्याला हिशोब घातला, या खोक्याला एक वॅट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल येतो, तुझ्या बॉक्सला शंभरच्या आसपास, चौदाचा फरक म्हणजे वॅटमध्ये पंचवीसपट, तो रस्त्यावरच्या गर्दीसाठी आहे रे, घरात बसून ऐकायला दोन वॅट पुरतात. त्याला सारंगी लावून दिली. गप्प झाला. आता त्याच्या घरी एक छोटी जोडी आहे आणि गणपती झाले की तो पंधरा दिवस फक्त तीच ऐकतो, कानाला सुट्टी म्हणून. नाद खुळा माणूस.

तेव्हा आमच्या सगळ्यांच्या घरी असायचे ते टेप, ज्यावर पीएमपीओ म्हणून हजार-हजार वॅट छापलेलं असायचं, त्या आकड्याला काही अर्थ नाही हे तुम्ही सांगेपर्यंत आम्ही त्यावरनं भांडायचो. आणि वायर! मुंबईतल्या एका शोरूममध्ये मला स्पीकरपेक्षा महाग वायर दाखवली, तुम्हाला फोन केला तर, "तांब्याची जाड वायर घे, वायरीला गाणं कळत नाही." एवढ्या एका वाक्यानं माझे किती पैसे वाचले याचा हिशोब बायकोकडं आहे.

आणि आधी खरा आवाज ऐकून ये, मग स्पीकरबद्दल बोल, हा तुमचा हट्ट. गाण्याच्या देवल क्लबात नेलंत, मिरजेचे तानपुरे जुळवताना पुढच्या रांगेत बसवलंत, म्हणाला कोल्हापूर हे जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचं गाव आहे, इथं राहून तुला गळा कसा वाजतो ते माहीत नसंल तर वीस हजाराचा स्पीकर घेऊन काय करणार. केशवराव भोसले नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून नटाचा आवाज कसा पोचतो ते ऐकायला लावलंत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा तुम्ही पुण्यातनं फोन केला होता आणि नुसतं "गेलं रे" म्हणाला. त्यावर मी काही लिहित नाही.

माझी पहिली जोडी बनवताना तुम्ही जे केलंत ते तर कुठल्या पुस्तकात नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं आठ इंची वूफर कुठले घ्यायचे ते कागदावर लिहून दिलं. खोक्यात भरायला पिंजाऱ्याकडनं कापूस पिंजून आणायला लावला, दाबून नाही, मोकळा, कारण कापसामुळं आतल्या हवेला खोकं आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. स्टँड उद्यमनगरात वेल्डिंग करून घेतले, तीन इंची पाईप, आणि पाईप वाजू नये म्हणून आत शिरोलीच्या फाउंड्रीतली वाळू, ती पण आधी उन्हात वाळवून. स्टँड एवढे जड झाले की रिक्षावाल्यानं जादा पैसे मागितले. मग घरी आलात, हॉलमध्ये उभं राहून एक टाळी वाजवली, शहाबादी फरशीवरनं ती भिंतीभिंतीत घुमली, आणि तुम्ही आईला म्हणाला, "वहिनी, एक जाजम टाका आणि पुस्तकाचं कपाट इकडं घ्या." आई मला कपाट हलवू द्यायची नाही, तुमच्या एका शब्दावर हललं! कोपऱ्यातनं स्पीकर दोन फूट पुढं ओढले तसा बेसचा गुबगुबाट गेला आणि शब्द सुटे झाले. पैसे विचारले तर चहा मागितलात.

थँक्यू कशासाठी म्हणतोय तर यासाठी. स्पीकर मला कुणीही विकला असता. तुम्ही मला आधी बसवलंत, मला काय ऐकू आलं ते मला विचारलंत, आणि मी जे काय अडाणीपणानं सांगितलं ते पूर्ण ऐकून घेतलंत, मग त्याचं कारण सांगितलंत. आता रविवारी माझ्याकडं पण दोन-चार लोक येतात, समोरच्या फ्लॅटमधली बारावीची पोरगी परवा इअरफोन काढून आली आणि पहिलंच विचारलं, "दादा, हा माणूस टीव्हीच्या मागं कसा काय गातोय?" मी काही सांगितलं नाही, सेल शोधायला गेलो.

आता कामाचं. पुण्याला जाताना तुम्ही तुमची जोडी माझ्याकडं ठेवून गेला, तिच्या वूफरच्या कडेचा फोम आपल्या इथल्या पावसाळी हवेनं पार पिठासारखा झाला होता, तो बदलला, तुम्ही व्हिडिओ कॉलवर दाखवलं तसंच चिकटवलाय आणि कॉइल कुठं घासत नाही. पण डाव्या बाजूचा ट्वीटर अजून मंद वाटतो. क्रॉसओव्हरमधला, म्हणजे वूफर-ट्वीटरला आवाज वाटून देणाऱ्या सर्किटातला, जुना कॅपॅसिटर वाळला असणार, त्यावरची छपाई उडालीय, ४.७ मायक्रोफॅरड आहे की ३.३ ते दिसत नाही, आणि उजवा उघडायला हात होत नाही कारण तो छान वाजतोय. तुमच्या त्या निळ्या वहीत आकृती असेल, नातवाला फोटो काढून पाठवायला सांगा. शनिवारी उद्यमनगरला जाणारच आहे, त्याच्या आत मिळाला तर बरं.

तुमचा,
मिक्सरवाला
राजारामपुरी, कोल्हापूर