खिडकीचा सूर काळी तीन

प्रिय संज्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर ‘फोटोचा आवाज काढला’ म्हटलं तर तू खो खो हसलास. तोंडी सांगून कळणारं प्रकरण नाहीच ते, म्हणून बसून लिहितोय. पेटी जवळ घे, मध्येच लागेल.

आजीच्या चिपळूणच्या घराचा तो काळा-पांढरा फोटो आठवतो? ओसरीवर आजी सूप घेऊन तांदूळ निवडतेय आणि मागे गजांची मोठी खिडकी. तो मी स्कॅन करून ठेवला होता. ऑडॅसिटी नावाचं आवाज कापायचं-जोडायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘इम्पोर्ट’मध्ये ‘रॉ डेटा’ असा एक पर्याय असतो. तिथून कुठलीही फाइल आत ढकलली तरी ते बिचारं विचारत नाही, हे गाणं आहे की लाइटबिल. समोर आले ते आकडे स्पीकरला देतं, बस.

आधी फोटोची नेहमीची जेपीजी फाइल ढकलली. रेडिओचं स्टेशन सुटल्यावर येते तशी निव्वळ खरखर. साहजिक आहे. जेपीजी फाइल लहान करताना सारखं-सारखं येणारं सगळं काढून टाकते, आणि सूर म्हणजे तरी काय, सारखं-सारखं येणंच की. मग तोच फोटो बीएमपी करून घेतला. बीएमपीमध्ये प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे, निळा-हिरवा-लाल, जसेच्या तसे ओळीनं मांडलेले असतात. फोटो १२०० बाय ८०० ठिपक्यांचा, म्हणजे फाइल २८,८०,०५४ बाइटची. या आकड्याच्या शेवटी आलेले ५४ लक्षात ठेव, त्यांनी पुढे माझा घाम काढला. सेटिंग अनसाइन्ड ८-बिट (म्हणजे एका बाइटचा एक आकडा), मोनो, सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे तेवढे आकडे. आजीचा अख्खा फोटो ६५ सेकंदांत वाजून संपतो.

आणि वाजतो तो उलटा! बीएमपीमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी साठवलेली असते. त्यामुळे सुरुवात अंगणातल्या मातीपासून, मग आजीची पावलं, मग सूप, आणि आभाळ सर्वांत शेवटी. माती नुसती फरफरते. सुपाशी थोडी चुळबुळ होते. आजीचा चेहरा, ज्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, तो कधी आला आणि गेला कळलंच नाही. चेहऱ्याला काही आवाज नाही रे. तीनदा ऐकलं.

पण मागची खिडकी आली आणि मी खुर्चीतून उठलो. चक्क सूर लागला. फोटो अगदी समोरून काढलेला, त्यामुळे गज सारख्या अंतरावर, दर ४० ठिपक्यांना एक. ४० ठिपके म्हणजे १२० आकडे. ४४,१०० भागिले १२० किती? तीनशे साडेसदुसष्ट, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, तेवढे हर्ट्झ. घे पेटी. काळी तीन, केसभर उतरलेली. तोही सलग नाही, सेकंदाला बारा वेळा तुटणारा, कारण सेकंदात फोटोच्या सव्वाबारा ओळी जातात आणि प्रत्येक ओळीत गज एकदाच भेटतात. आपण शाळेतून येताना त्याच गजांवरून लाकडी पट्टी फिरवत खर्रर्र करत जायचो आणि आजी आतून ओरडायची, आठवतं? हे यंत्र नेमकं तेच करत होतं, फक्त न थकता.

दुसऱ्या दिवशी हौसेनं चिमीच्या वाढदिवसाचा रंगीत फोटो घेतला. मागे ती केशरी भिंत. भिंत आली की आवाज बंद. मी म्हटलं, सपाट रंग, शांतता असणारच. तर चिमी कानांवर हात ठेवून ओरडली, ‘‘बाबा, शिट्टी बंद करा!’’ मग डोक्यात प्रकाश पडला. केशरीत निळा, हिरवा, लाल हे तीन आकडे वेगवेगळे, आणि तेच त्रिकूट दर तीन आकड्यांनी परत येतं. म्हणजे १४,७०० हर्ट्झची शिट्टी. काळ्या-पांढऱ्यात तिन्ही आकडे सारखेच, म्हणून आजीच्या फोटोत ती नव्हतीच. थोडक्यात, रंग ऐकू येतो, पण नऊ वर्षांच्या कानाला. माझे कान त्या वयापलीकडे गेलेत. तुझेही गेले असतील, पेटीवाल्या.

आता ते ५४. आवाजावर इको, म्हणजे प्रतिध्वनी, घालून फाइल पुन्हा फोटो म्हणून उघडायची, असा बेत होता. पहिल्यांदा ती उघडेचना. सुरुवातीच्या ५४ बाइटमध्ये फोटोची लांबी-रुंदी लिहिलेली असते आणि मी त्यावरही इको ओतला होता. एक अख्खी संध्याकाळ गेली. नंतर सुरुवातीचा चिमूटभर भाग सोडून दहा सेकंदांचा इको दिला आणि रॉ म्हणूनच बाहेर काढली. आजी दोन झाल्या! एक ओसरीवर, दुसरी पुसट, सव्वाशे ओळी वर आणि अर्धा फोटो सरकून. कौलांखाली बसून तांदूळ निवडतेय. बायको म्हणाली, ‘‘हे काही कुणाला दाखवू नका.’’

हसू नको, हाच उद्योग १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवर परग्रहवाल्यांसाठी पाठवलेल्या तबकडीत करून ठेवलाय. तिच्यावर शंभराहून जास्त चित्रं आवाजाच्या रूपात कोरलीत, एकेका चित्राच्या ५१२ रेघा. पहिलं चित्र नुसतं वर्तुळ, ते गोल दिसलं तर समजायचं की आपण बरोबर उलगडतोय. त्याच तबकडीवर आपल्या गोव्याच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दोन यानांतलं नंतरचं सुटलं ५ सप्टेंबरला आणि १६ला केसरबाई गेल्या. उद्या कुणी परग्रहवाल्यानं घोळ करून भैरवीचंच चित्र काढलं तर काय दिसेल, या विचारात मी परवा रात्री दोनपर्यंत जागा होतो.

तुझ्या वाड्याच्या जिन्याचे कठडे अजून शाबूत आहेत ना? भर उन्हात, अगदी समोरून एक फोटो काढ आणि ई-मेलनं पाठव. व्हॉट्सअ‍ॅप नको, चेपून पाठवतं ते. बीएमपी मी करून घेतो. खालच्या पायरीवर तू स्वतः उभा राहू नकोस, सूर तुटतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मन्या