आयुक्त साहेब, सोनोग्राफी मशीन घेताना नुसतं गुळगुळीत चित्र बघू नका

मा. महापालिका आयुक्त, मुंबई यांस,

साहेब नमस्कार. मी उपनगरातल्या एका हॉस्पिटलात रोज सोनोग्राफी करते. आमच्या मशीनच्या टेंडरमध्ये "स्पेकल रिडक्शन असावे" एवढी एकच ओळ होती, आणि त्यावरच सगळं निभावलं, म्हणून हे पत्र.

स्पेकल म्हणजे स्क्रीनवर दिसणारी ती रवाळ खरखर. मशीन बिघडलंय म्हणून ती येत नाही. अवयवांमधल्या अगदी बारीक कणांवरून परत आलेल्या आवाजाच्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे जोर वाढतो कुठे मारला जातो, त्याचेच हे ठिपके. लिव्हरमधली छोटी गाठ त्यात हरवते, म्हणजे खरखर कमी व्हायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. उपायही आहेत, १९८० चा ली फिल्टर आहे, २००२ मध्ये यू आणि अ‍ॅक्टन यांनी कडा जपून खरखर घालवायची पद्धत दिली.

पण साहेब, डेमोला कंपनीवाले सडपातळ तरुण झोपवतात, सेटिंग फुल करतात, चित्र एकदम लोण्यासारखं दिसतं आणि कमिटी खूश. ओपीडीत मात्र पोट सुटलेल्या मावशी येतात, गॅस झालेला असतो. पित्ताशयातला खडा आम्ही त्याच्या मागच्या काळ्या सावलीवरून पक्का करतो. कंपाउंडिंग चालू असलं की मशीन वेगवेगळ्या कोनांतून बघून सरासरी काढतं, खरखर जाते पण सावलीही फिकी पडते, खडा लहान असेल तर शंकाच राहते. बंद केलं की तीच सावली ठळक! फिल्टर जास्त झाला तर लिव्हरचा खडबडीत पोतही पुसला जातो, आणि सिरॉसिसचा (लिव्हर कडक होत जाण्याचा आजार) संशय आम्हाला बऱ्याचदा त्या पोतावरूनच येतो.

म्हणून डेमो आमच्याच पेशंटवर, त्यांना विचारून, फिल्टर चालू आणि बंद दोन्ही करून घ्या. ऑन-ऑफचं बटण समोर पॅनलवर हवं, मेन्यूत चार पायऱ्या आत नको. मूळ इमेजही सेव्ह व्हायला हवी. आणि पेशंटच्या संमतीने, नावं काढून (गर्भाच्या इमेज अजिबात नकोत, गर्भलिंग निदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा कडक आहे आणि तसाच असावा) या इमेज पवईच्या आयआयटीतल्या, व्हीजेटीआयतल्या मुलांना द्या, खरखर घालवायच्या पद्धतींवर त्यांना आपल्याच पेशंटच्या इमेज घेऊन काम करता येईल.

पुढच्या खरेदी कमिटीत रोज प्रोब (पोटावर फिरवायचं मशीनचं टोक) धरणारा एक तरी डॉक्टर घ्या. डेमोला मी यायला तयार आहे, ओपीडी संपल्यावर कधीही बोलवा.