'नाही' लवकर कळवा म्हणणाऱ्या साहेबांना

आदरणीय साहेब,
सा. न. वि. वि.

तुम्ही कंपनीच्या परचेसमधून, म्हणजे खरेदी विभागातून, निवृत्त झालात, त्यामुळे आता तुमच्याकडून ऑर्डर मिळायची नाही. हे पत्र मोकळेपणाने लिहिता येतंय ते त्यामुळेच. भोसरीतल्या आम्हा जॉबवर्कवाल्यांना, म्हणजे कंपन्यांचे पार्ट त्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे करून देणाऱ्यांना, कस्टमरशी संबंध कसे जोडायचे आणि टिकवायचे, हे तुम्ही परचेसच्या खुर्चीत बसून सांगत राहिलात. त्या खुर्चीतून असलं कोणी सांगत नाही. नव्याने शेड टाकणाऱ्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून आभार चारचौघांत आणि जरा तपशिलात मानतो.

ओळखी वाढवायच्या म्हटलं की लोक कार्डं छापायला टाकतात. तुम्ही सुरुवात करायला लावलीत ती कोटेशनपासून. ड्रॉइंग आलं की त्याच दिवशी दोन ओळींची पोच: मिळालं, उद्या चारपर्यंत दर कळवतो. दर एकरकमी द्यायचा नाही, फोडून द्यायचा. बारचं ग्रॉस वजन, तयार पार्टचं नेट वजन, स्क्रॅपची वजावट, सेटिंग, सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ), इन्सर्टचा (टूलच्या बदलायच्या धारेचा) खर्च, पॅकिंग, गाडीभाडं. ५० मिलिमीटरचा गोल एमएस (साध्या पोलादाचा) बार म्हणजे व्यासाचा वर्ग भागिले १६२, मीटरला १५.४३ किलो. हा हिशेब परचेसवालाही करतो. आपण १७ किलो धरले की त्याला कळतं. तो बोलत नाही, पण पुढची इन्क्वायरी येत नाही. फोड स्वच्छ असली तर तोच माणूस आपला दर वरच्यांपुढे मांडू शकतो. 'त्याला आत भांडायला कागद द्या,' हे तुमचं वाक्य.

न होणाऱ्या कामाला 'बघतो' म्हणू नका, हे तुम्ही सर्वांत जास्त वेळा सांगितलंत. २५ मिलिमीटरच्या बोअरला (आतल्या भोकाला) एच-सात टॉलरन्स असेल तर २१ मायक्रॉनची मोकळीक मिळते, एच-सहा असेल तर १३ मायक्रॉनच. भोक इतकं नेमकं करणारं होनिंग किंवा इंटर्नल ग्राइंडिंग घरात नसेल तर दुसऱ्याच दिवशी तसं कळवायचं आणि ते कुठे होतं हेही सांगायचं. ऑर्डर शेजाऱ्याला जाते, हे खरंच. पण इन्क्वायरी पंधरा दिवस उशाशी घेऊन बसणाऱ्यापेक्षा लवकर नकार देणारा परचेसवाल्याला परवडतो, कारण त्याचं घड्याळ चालू असतं. पुढचं जमण्यासारखं ड्रॉइंग मग त्या नकार देणाऱ्याकडेच येतं.

खरी परीक्षा मात्र माल चुकल्यावर. समजा, ५०० नगांचा लॉट गाडीत चढला आणि मागून कळलं की मधेच इन्सर्टची धार गेली होती, काही बोअर ओव्हरसाइज असणार. मन गप्प बसायला सांगतं: कदाचित पास होईल. तिथे तुमचा क्रम पाठ आहे. गाडी पोहोचायच्या आत क्वालिटीला फोन, परचेसला नंतर. फोनवर चारच गोष्टी: चलन नंबर, संशयित नग किती, आपल्या शेडमधला उरलेला माल वेगळा काढला की नाही, आणि गेज घेऊन माणूस किती वाजता तुमच्या गेटवर पोहोचेल. कारण त्या फोनवर सांगायचं नाही. अर्ध्या तासात सुचलेलं कारण बहुधा चुकीचं असतं आणि पुढे तेच रिपोर्टमध्ये गळ्यात पडतं. गेटवर निवडलेला नग फक्त मजुरी खातो, असेंब्लीत सापडलेला लाइन थांबवतो. क्वालिटीवाल्याला ती लाइन थांबू न देणारा माणूस वर्षानुवर्षं आठवतो. दिवाळीचा डबा कोणाचा होता ते त्याच्या लक्षात राहत नाही. डब्याचं निघालंच आहे तर: अनेक कंपन्यांत भेटवस्तू घ्यायला मनाई असते आणि महागडा खोका पाठवून आपण त्या माणसालाच अडचणीत आणतो, हे तुम्ही सांगेपर्यंत कोणी स्पष्ट बोललं नव्हतं.

पेमेंटसाठी परचेसला रोज फोन करून संबंध नासवू नका, आधी स्टोअरला विचारा, हाही तुमचाच सल्ला. माल आत गेला तरी जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झालं नसेल तर बिल अकाउंट्सपर्यंत पोहोचतच नाही. जीआरएन नंबर हातात घेऊन अकाउंट्सला विचारलं की दोन मिनिटांत उत्तर मिळतं. स्टोअरमधल्या क्लार्कला नावाने ओळखणं म्हणूनच मोठ्या साहेबांच्या ओळखीइतकं मोलाचं. कायदा आपल्या बाजूने आहेच: २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत चुकवणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्यावरच आयकरात धरता येतो. पण त्याचा पहिला उच्चार धमकीत नको. उद्यम नंबर (एमएसएमई नोंदणीचा) प्रत्येक बिलावर छापा, बाकीचं त्यांचा सीए त्यांना सांगतो.

दूरच्या ओळखींबद्दल तुमचं म्हणणं आम्हाला उशिरा पटलं. रोज चहाला भेटणाऱ्याला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर क्वचित भेटणाऱ्याकडून येते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये हेच मांडलं होतं: ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्क्यांची ती ओळख वरचेवर भेटणाऱ्याशी होती. आपल्याकडे तर क्वालिटीतला पोरगा चाकणहून रांजणगावला जातो आणि दोन वर्षांनी तिथे नवा व्हेंडर शोधत असतो. त्याने कंपनी बदलली की अभिनंदनाचा एक फोन करायचा, कामाचा विषय न काढता. रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवून हे साधत नाही.

बेंगळुरूच्या इमटेक्स या मशीन टूलच्या प्रदर्शनातही पिशवीभर कॅटलॉग गोळा करू नका म्हणायचात. अडलेला पार्ट खिशात न्यायचा, हॉल उघडताच गर्दी व्हायच्या आत मशीन-टूल कंपनीच्या ॲप्लिकेशन इंजिनिअरपुढे ठेवायचा आणि एकच नेमका प्रश्न विचारायचा. काय ठरलं ते कार्डाच्या मागे तिथेच लिहायचं. जे पाठवतो म्हटलं ते दोन दिवसांत पाठवायचं, नाहीतर त्या कार्डाचा उपयोग संपला. दिवसाकाठी आठ-दहा बोलणी धड झाली तरी पुष्कळ.

एका बाबतीत आमचं तुमच्याशी जमत नाही. सकाळच्या नाश्त्याच्या बिझनेस ग्रुपना तुम्ही सरसकट नावं ठेवता. छपाईवाला, विमावाला, इंटिरिअरवाला यांना तिथे खरंच काम मिळतं. ऑडिट आणि सॅम्पल पास झाल्याशिवाय ज्यांना ऑर्डर मिळत नाही, त्या आमच्यासारख्यांना कमी.

शेवटी शिफारशीबद्दल. एकाचा नंबर दुसऱ्याला देण्याआधी दोघांना विचारायचं, आणि नाव सुचवताना मर्यादाही सांगायची: टर्निंग उत्तम, हीट ट्रीटमेंट बाहेरून करून घेतात, महिनाअखेरीला उशीर होतो. अशी शिफारस करणाऱ्याचा फोन लोक उचलतात. तुम्ही आमच्यापैकी कितीतरी जणांची नावं अशीच, उणिवांसकट पुढे केलीत. त्या उणिवा तेव्हा झोंबल्या होत्या, आज त्याबद्दलही आभार.

गुरुवारी शेड बंद असतात, एरवी कधीही या. चहा आहेच, आणि एका नव्या पोराचं कोटेशन तुमच्या नजरेखालून घालायचं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भोसरी एमआयडीसीतले जॉबवर्कवाले