लियाना रुपर्ट यांना नाशिकहून एका ताईचं पत्र

प्रिय लियाना रुपर्ट,

तुम्ही तेव्हा अमेरिकेत व्हिडिओ गेमवर लिहिणाऱ्या पत्रकार होतात. तुम्हाला मराठी येत नसणार, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचेल याचीही खात्री नाही. तरी मराठीतच लिहिते आहे. तुमचा लेख ज्या घरात वाचला गेला ते घर मराठी आहे, आणि माझ्या भावासारखी, फिट येणारी मुलं ज्या घरांत आहेत त्यांच्याही हे वाचनात यावं असं मला मनापासून वाटतं.

८ डिसेंबर २०२०ची सकाळ होती. मी दूध तापत ठेवलं होतं. भाऊ मोबाइल घेऊन ओट्यापाशी आला आणि म्हणाला, "ताई, हे वाच. आत्ताच वाच." दोनच दिवसांनी, १० डिसेंबरला, सायबरपंक २०७७ हा व्हिडिओ गेम येणार होता. त्या गेमची घोषणा झाली २०१२ साली, तेव्हा हा सातवीत होता. आठ वर्षं त्याने वाट पाहिली होती. तुमचा लेख गेम इन्फॉर्मर या गेमविषयीच्या मासिकाच्या वेबसाइटवर आदल्या दिवशी आला होता आणि त्याच्या मित्राने तो ग्रुपवर टाकला होता. वाचता वाचता दूध उतू गेलं. मी गॅस बंद केला आणि लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला.

तुम्ही लिहिलं होतं की हा गेम खेळताना तुम्हाला एक मोठी फिट आली आणि आणखी काही वेळा ती येता येता राहिली. मग तुम्ही जागा सांगितली होती. गेममध्ये ब्रेनडान्स नावाचा प्रकार आहे, दुसऱ्याची आठवण आपण आतून पाहायची. त्यासाठी डोक्यावर एक यंत्र चढवतात, आणि ते चढवताना डोळ्यांसमोर लाल-पांढरे दिवे भराभर उघडझाप करतात. फिट कशाने येते हे तपासायला मेंदूचे डॉक्टर जो दिवा वापरतात, त्याच्याशी हे फार मिळतंजुळतं आहे, असं तुम्ही म्हटलं होतं.

तो दिवा मी पाहिलेला आहे, म्हणून त्या वाक्याशी माझ्या हातापायांतलं बळ गेलं.

२०१७ साली, बारावीच्या वर्षात, भावाला पहिली फिट आली. मित्राच्या घरी, रात्री दोन वाजता, दिवे मालवून दुसराच कुठलातरी गेम खेळत बसले होते. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली. त्याला कुशीवर वळवायचं आणि घड्याळाकडे बघायचं, एवढंच करायचं असतं हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हालाही नव्हतंच. पुढे इईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, झाला. केसांत जागोजागी पांढरी पेस्ट लावून तारा चिकटवल्या, खोलीत अंधार केला आणि तंत्रज्ञ ताईंनी त्याच्या चेहऱ्यासमोर दिवा धरला. आधी सावकाश उघडझाप, मग जलद, मग आणखी जलद. एका ठराविक वेगाला पडद्यावरच्या रेघा एकदम उंच उसळल्या आणि ताईंनी दिवा लगेच बंद केला. मी दारात उभी होते. ती पेस्ट निघायला तीनदा डोकं धुवावं लागलं.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, असलेल्या शंभरांतल्या साधारण तिघांनाच प्रकाशाच्या अशा उघडझापेने फिट येते, आणि त्यात लहान नि वयात येणारी मुलं जास्त. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट झाला की धोका सुरू होतो आणि गडद लाल रंग सगळ्यांत वाईट. जपानमध्ये १९९७ साली पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळ्या प्रकाशाचा असाच मारा होता, तेव्हा ६८५ जणांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. गेम कायमचे बंद करा असं डॉक्टर म्हणाले नाहीत. खोलीत उजेड ठेव, पडद्यापासून लांब बस, झोप मोडू नकोस, गोळी चुकवू नकोस, आणि अचानक लखलखाट आलाच तर एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून दुसरीकडे बघ, असं सांगितलं. दोन्ही डोळे नुसते मिटून घेणं पुरत नाही, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

पण अचानक येणाऱ्या गोष्टीसाठी तयार कसं राहायचं? गेम सुरू होताना एक सरसकट सूचना येते, की काही लोकांना लखलखत्या दिव्यांनी त्रास होऊ शकतो. ती प्रत्येक गेमला असते, म्हणून ती कुणी वाचत नाही. कुठे, केव्हा, किती वेळ, यातलं ती काहीच सांगत नाही. तुमच्या लेखाने ते सांगितलं. अमुक खुर्चीत बसलात, अमुक यंत्र डोक्याला लावायला घेतलं, की त्या क्षणी नजर वळवा. पडद्यासमोर बसलेल्या पोराच्या हाताला नेमकं काय करायचं ते कळलं.

त्याच आठवड्यात त्या गेमवर लिहिलेलं बरंच काही मी वाचलं. दहापैकी नऊ, दहापैकी दहा, असे आकडे होते. शहर किती मोठं, कथा किती खोल, संवाद कसे, हे सगळं होतं, आणि लिहिणाऱ्यांनी ते प्रामाणिकपणेच लिहिलं असेल. मात्र गेम बनवणाऱ्या कंपनीने परीक्षणासाठी आधी दिलेल्या प्रती पीसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायच्या, होत्या. भावाकडे होता सेकंडहँड घेतलेला पीएस४, सोनीचं गेम खेळायचं यंत्र. त्या यंत्रावर गेम कसा चालतो हे बाहेर यायच्या दिवसापर्यंत कुणालाच सांगता आलं नाही. मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. आठवडाभरात गेम नीट चालत नाही म्हणून सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला, तो जून २०२१ मध्ये परत आला. नऊचा आकडा ज्या यंत्रावर खेळून दिला, ते यंत्र आमच्या घरात नव्हतंच.

तुम्ही मात्र स्वतःच्या शरीराची हकीकत पुढे ठेवलीत. मला अपस्मार आहे, मी इतका वेळ खेळले, मला इथे हे झालं. परीक्षण म्हणजे तटस्थ राहून लिहायचं, असं मी शाळेपासून ऐकत आले. तुमचा लेख वाचल्यावर मला पटलं की लिहिणारा कोण आहे, कशावर खेळला, त्याच्या डोळ्यांना नि हातांना काय जमतं, हे कळलं तरच त्याचं मत आपल्याला लावून बघता येतं. आणि वेळ. तुम्ही गेम यायच्या तीन दिवस आधी लिहिलंत. तोच लेख तीन दिवस उशिरा आला असता, तर कितीतरी पोरं तोवर त्या खुर्चीत बसून गेली असती.

परिणामही ताबडतोब झाला. गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीने तुमचे आभार मानले, वेगळी सूचना घातली, आणि गेम आल्याच्या दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, अपडेट देऊन त्या दिव्यांचा लखलखाट बदलला. हजारो माणसं खपून बनवतात तो गेम एका लेखाने चार दिवसांत बदलला. गेमवरचं याहून परिणामकारक लिखाण माझ्या तरी वाचनात नाही.

आणि त्याच दिवसांत काही लोकांनी तुम्हाला मुद्दाम लखलखणारे व्हिडिओ पाठवले. फिट यावी म्हणून. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्याने आपल्या माणसाचे दात घट्ट मिटलेले आणि डोळे वर गेलेले पाहिलेत, त्याला हे सहन होणार नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांच्या वतीने सांगते, तुमच्याशी जे झालं त्याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

मी स्वतः गेम खेळत नाही. पण तेव्हापासून भाऊ कुठलाही नवा गेम घेणार असला की परीक्षणं आधी मी वाचते. नऊ की सात, हे मी शेवटी बघते. आधी बघते ते हे की लिहिणाऱ्याने तो कुठल्या यंत्रावर आणि किती तास खेळला. लखलखाट कमी करायची सोय सेटिंगमध्ये आहे का. आणि एक गोष्ट, जी फार कमी जण लिहितात: मध्येच कुठेही सेव्ह करता येतं का. इतरांसाठी ती सोयीची बाब असेल. आमच्याकडे जागरण झालं की दुसऱ्या दिवशी फिटची भीती असते. "पुढचा चेकपॉइंट आला की झोपतो" म्हणत, म्हणजे गेम जिथे आपोआप सेव्ह होतो त्या जागेपर्यंत, तो अर्धा-पाऊण तास ओढतो, आणि मी पलीकडच्या खोलीत जागी असते. गेममध्ये कुठेही थांबता येतं एवढी एक ओळ परीक्षणात असली, तर ती ओळ लिहिणाऱ्याला मी मनातल्या मनात दुवा देते. आता भाऊही मित्रांच्या ग्रुपवर स्वतःचं दोन-चार ओळींचं परीक्षण टाकतो. त्यात कुठल्या मिशनमध्ये दिवे लखलखतात ते आधी असतं, बाकीचं मागाहून.

सायबरपंक त्याने १० डिसेंबरला घेतला नाही. आठ वर्षं थांबलेल्या मुलाने आणखी दीड वर्ष काढलं. २०२२च्या मे महिन्यात, डॉक्टरांना विचारून, तो खेळायला बसला. दुपारची वेळ, खिडक्या सताड उघड्या, ट्यूबलाइट चालू. मी शेजारी बसले होते. तुमचा लेख त्याने मोबाइलवर उघडून मांडीशी ठेवला होता, जरी लखलखाट आता बदललेला आहे हे आम्हाला माहीत होतं. ते यंत्र समोर आलं तसा त्याने डावा तळहात डाव्या डोळ्यावर दाबला आणि मान वळवली. मी त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरून बसले होते.

"झालं ताई," तो म्हणाला. "सोड आता."

लियाना, तुमचे मनापासून आभार.

तुमची,
नाशिकची एक ताई