आबांच्या नावावर आलेली मदत

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

अतिवृष्टीच्या अनुदानाच्या यादीत आबांचं नाव आलंय हे सांगितलं, तेव्हा तू म्हणालास, "सहा-सात हजारांसाठी त्यांना या वयात हेलपाटे घालायला लावू नकोस, तेवढे मी इथून पाठवतो." इकडे आबा म्हणतात, "हातपाय न हलवता आलेला पैसा मला नको." तुला रक्कम किरकोळ वाटते, त्यांना ती भीक वाटते, आणि या दोघांच्या मधे केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवायचं काम, तसंच राहिलं आहे. फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी आबांचं समजून घे. त्यांच्या वयाच्या माणसांनी सरकारी मदत पहिल्यांदा पाहिली ती बाहत्तरच्या दुष्काळात, आणि ती कामाच्या रूपात. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हजेरीपटावर नाव लागायचं, काम मोजलं जायचं आणि मोजमापाप्रमाणे पैसे मिळायचे. कामावर सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ मिळायचा, रेशनवर मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. खायला परकं धान्य असलं तरी मजुरी आपल्या घामाची, ही त्या माणसांच्या मनातली गाठ पक्की आहे. 'काम करील त्यालाच मदत' हा नियम मुळात इंग्रजांचा. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ज्या संहिता झाल्या, त्यांत तो होता. पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा पहिला प्रयोग केला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं, म्हणजे उपकाराच्या जागी हक्क आला. पण कष्टाशिवाय पैसा नाही, ही बाजू तशीच राहिली. मोबाइलवर एक मेसेज येतो आणि खात्यात रक्कम पडते, ही गोष्ट आबांच्या हिशोबात कुठे बसतच नाही.

आमच्या पिढीच्या वाट्याला कर्जमाफ्या आल्या. २००८ ची केंद्राची, २०१७ ची दीड लाखापर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची. त्यातून आम्ही वेगळंच शिकलो. थकवणाऱ्याचं माफ होतं आणि पोटाला चिमटा घेऊन भरणारा मागे राहतो, ही सल कित्येक घरांत अजून आहे. नियमित फेडणाऱ्यांना ५०,००० पर्यंत प्रोत्साहन दिलं गेलं, तरी ती गेली नाही. आणि तुम्हा मुलांना मदत दिसते ती निवडणुकीच्या बातम्यांत, म्हणून तिचा उल्लेख निघाला की तुम्हाला संकोच वाटतो. मला वाटतं, मदत ज्या रीतीने हातात पडली, त्यावरून त्या त्या पिढीचं मत बनलं. त्यात कुणाचा स्वाभिमान कमी-जास्त आहे असं नाही.

ही मदत नेमकी काय आहे, तेही बघ. राज्य आपत्ती प्रतिसाद निधी हा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ खाली उभा राहिलेला आहे. आपल्या राज्यात त्यात केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के असतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, हा केंद्राचा २०२२-२६ या काळासाठीचा निकष. राज्य सरकार कधी स्वतःकडून भर घालतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रब्बीच्या बी-बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० वेगळे जाहीर झाले आणि मर्यादा तीन हेक्टर केली गेली. यातला कुठलाही आकडा सोयाबीनच्या किमतीवर बसवलेला नाही. पुढच्या पेरणीला बी आणि खत घेता यावं, एवढाच त्यामागचा हिशोब, आणि त्याचं सरकारी नावही निविष्ठा अनुदान असंच आहे. त्यामुळे "एवढ्याने काय होतंय" हे तुझं म्हणणं नुकसानाच्या मानाने खरं आहे, पेरणीच्या मानाने नाही. आपलं बाधित क्षेत्र ८० आर, म्हणजे दोन एकर. निकषाने ६,८०० आणि रब्बीचे ८,०००. दोन्ही रकमा वेगवेगळ्या वेळी जमा होतात. पहिली आली आणि दुसरी दिसली नाही, की लोक फसवणूक झाली म्हणून धावपळ करतात, तेवढं लक्षात ठेव.

तुझ्या पगारपत्रकात व्यवसाय कर म्हणून महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतील, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराने गावातल्या अडचणीत वाटा उचलायचा, ही व्यवस्था महाराष्ट्राने विचारपूर्वक केलेली आहे. तू तो वाटा उचलतोयस. मग तुझ्याच घरी त्या व्यवस्थेतून काही आलं, तर ते परत लावण्यात कसला मोठेपणा?

तू पाठवशील ते पैसे आबा घेतील, यात शंका नाही. पण त्याने यादीतलं नाव 'केवायसी प्रलंबित' असंच राहील, आणि सातबारा, आधार, बँक यांच्यातली जी गाठ आज सुटलेली नाही, ती पुढच्या प्रत्येक वेळी आडवी येईल. पीक विमा, पीएम किसान, उद्या आबांच्या माघारी वारसांचं, सगळीकडे हेच कागद लागतात. म्हणून मी मागे लागले आहे. यात काय काय अडतं, ते क्रमाने सांगते.

पंचनामा झाला तेव्हा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक तिघे आले होते. आबांचा गट नंबर, पीक आणि क्षेत्र त्यांनी लिहून नेलं. यादी ग्रामपंचायतीत लागली की सगळ्यात आधी क्षेत्राचा रकाना वाचायचा. ०.८० च्या जागी ०.०८ पडलं, तर हिशोबाने ६८० होतात आणि किमान रकमेच्या नियमाने १,००० जमा होतात. लोक त्याला सरकारची थट्टा म्हणतात. बहुतेक वेळा तो टंकताना सरकलेला दशांश असतो, आणि अर्ज दिला तर दुरुस्त होतो. दुसरं, पोटखराब्याचं, म्हणजे लागवडीखाली नसलेलं क्षेत्र पिकाच्या मदतीत धरत नाहीत, त्यामुळे सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्राशी ताडून भांडू नये. तिसरं, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून केलेली पिकाची नोंद. ती वेळेत झाली नाही आणि गाव नमुना बारावर, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, पीकच दिसलं नाही, तर शेतात सोयाबीन सडलेलं डोळ्यांनी पाहूनही तलाठ्याला कागदावर आधार राहत नाही. यंदा मी स्वतः बांधावर उभी राहून फोटो काढले आहेत, ती काळजी नको.

यादीत नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो. फार्मर आयडी, म्हणजे शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक, झालेला असेल आणि आधारशी नीट जोडलेला असेल, तर वेगळी केवायसी लागत नाही. आबांचा अजून व्हायचा आहे, सामाईक गटामुळे अडकलाय. तोवर हा क्रमांक घेऊन सेवा केंद्रात जायचं. तिथला मुलगा क्रमांक टाकतो, पडद्यावर नाव, गट, क्षेत्र, रक्कम आणि खात्याचे आकडे येतात. इथेच घाई होते. मागे रांग असते, तो "लावा अंगठा" म्हणतो आणि माणूस न वाचता लावतो. अंगठा लावला म्हणजे ती माहिती मान्य केली. काही चुकलं असेल तर आधी तिथेच तक्रार नोंदवायची, ती तहसीलदारांकडे जाते. आबांना चष्मा लावूनही पडद्यावरचं दिसत नाही, म्हणून शेजारी तू हवास. झाल्यावर पावती घ्यायची.

आता अंगठ्याचं. जन्मभर विळा-कुदळ धरलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ते घेत नाही. 'ठसा जुळला नाही' असं दोन-तीनदा आलं की आबा चिडून उठतात, आणि मग महिनाभर त्या वाटेला जात नाहीत. हात कोमट पाण्याने धुवायचे, कोरडे करायचे, दहाही बोटं बघायची. त्यांची अनामिका बहुधा लागते. नाहीच लागली तर डोळ्याच्या बुबुळाचं यंत्र कुठल्या केंद्रात आहे ते विचारायचं, किंवा आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीवर काम होतं. आबांच्या आधारला तुझा जुना नंबर आहे, जो तू बंद केलास. तो बदलायला त्यांना आधार केंद्रात घेऊन जाऊ, कागद काही लागत नाहीत. हे आधी करून घेऊ.

बँकेची भानगड सगळ्यांना चकवते. खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि थेट हस्तांतरणासाठी कुठलं खातं नेमलेलं आहे ते वेगळं. आधारवर येणारे पैसे पासबुक दिलेल्या खात्यात जातातच असं नाही. ज्या बँकेत सगळ्यात शेवटी आधार सीड झालं, म्हणजे थेट हस्तांतरणासाठी जोडलं गेलं, तिथे ते जातात. आबांची जिल्हा बँक आणि राष्ट्रीयीकृत बँक अशी दोन खाती आपल्याला माहीत आहेत. सिमकार्ड घेताना दुकानदाराने कधी तिसरं उघडून दिलं असेल, तर पैसे तिथे जाऊन बसतील आणि आपण इथे पासबुक भरत राहू. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की कुठली बँक नेमलेली आहे ते कळतं. नको ती असेल तर हव्या त्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा, काही दिवसांत बदल होतो. शिवाय दोन वर्षं खातेदाराने स्वतः व्यवहार केला नसेल, तर खातं निष्क्रिय होतं. जिल्हा बँकेचं तसं झालेलं असण्याची शक्यता आहे.

कर्ज असलेल्या खात्यात रक्कम आली, की कधी बँक ती होल्ड करते किंवा थकबाकीत वळवते. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. तोंडी वाद घालून उपयोग होत नाही. शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज, सोबत शासन निर्णयाची प्रत, एक प्रत तहसीलदारांना, आणि पोच घ्यायची. एवढ्याने बहुतेक ठिकाणी होल्ड निघतो.

राहिला दुसरा गट, जो चुलत आजोबांच्या नावावर सामाईक आहे. ते जाऊन इतकी वर्षं झाली, वारसनोंद कुणी केली नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर मदत जमा होत नाही. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज दिला, की फेरफार, म्हणजे नोंदीतल्या नावाचा बदल, धरला जातो. त्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस असते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. ते या हंगामात नाही झालं तरी सुरू करायचं. बाकीच्या हिस्सेदारांनी एकाच्या खात्यावर रक्कम घ्यायला संमतीपत्र द्यायचं असतं. काकांना आणि आत्याला तू फोन कर. माझ्या सांगण्याला त्यात हिशोबाचा वास येतो, तुझ्या सांगण्याला येणार नाही.

एक सावधगिरी. "अनुदान मंजूर, लिंक उघडा" असे मेसेज आणि मोबाइलमध्ये नको ते अ‍ॅप बसवणाऱ्या एपीके फाइल गावात फिरतायत. कुठलंही अनुदान लिंक उघडून मिळत नाही. आबांच्या मोबाइलमधून त्या फाइल काढून टाक.

आणि आबांशी बोलताना "तुमचा हक्क आहे" असं भाषण करू नकोस, ते उठून जातील. त्यांना सांग की हे पैसे पेरणीचे आहेत आणि हरभऱ्याचं बी यातूनच घ्यायचं आहे. आपल्या हाताने घेतलेलं बी आपल्या रानात पडणार म्हटल्यावर ते ऐकतील, असं मला वाटतं. पैसे आले की पिशवी आणायलाही त्यांनाच घेऊन जा.

येताना त्यांचं मूळ आधार, दोन्ही पासबुकं आणि सातबारा मी काढून ठेवते. तू तुझं आधार घे, संमतीपत्रावर तुझ्या बाबांच्या वाट्याची सही तुलाच करायची आहे. दुसरा किंवा चौथा शनिवार धरू नकोस, बँक बंद असते. शक्यतो शुक्रवारीच रजा टाक, म्हणजे सकाळी बँक आणि दुपारी सेवा केंद्र, दोन्ही उरकेल.

तुझी,
आई