स्टेंटची भीती घातलीत, गोळ्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेल्या स्टेंटमध्ये (वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या नळीत) होणाऱ्या रक्ताच्या गुठळीवरचा तुमचा कालचा लेख वाचला. अशी गुठळी झाली तर मोठा झटका येतो आणि त्यात अनेक जण दगावतात, हे खरं आहे. पण अर्धं पान भीती घालून झाल्यावर ही गुठळी होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांबद्दल शेवटी एकच ओळ, आणि तीही त्यांच्या दुष्परिणामांची! ती वाचून उद्या कुणी गोळ्या बंद केल्या तर?

माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत हेच घडलं. झटक्यानंतर स्टेंट बसला, तब्येत सुधारली, हिंडायफिरायला लागला. तीन महिने व्हायच्या आत दाढ दुखायला लागली. काढताना रक्त थांबणार नाही म्हणून दातांच्या डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या बंद करायला सांगितलं. हृदयाच्या डॉक्टरांना साधा फोनही केला नाही. त्याच आठवड्यात पहाटे छातीत कळ आली. अँजिओग्राफीत स्टेंट गुठळीने पूर्ण बंद झालेला दिसला. भाऊ वाचला, पण हृदय कमजोर झालं ते झालंच. आजही जिना चढताना तो मध्येच थांबतो. दाढेतलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमधली गुठळी तशी निघत नाही.

स्टेंटच्या जाळीवर रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चढेपर्यंत रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, तिला चिकटत राहतात. औषध लावलेल्या स्टेंटमुळे वाहिनी पुन्हा अरुंद होणं कमी होतं, पण तेच औषध अस्तर चढणंही लांबवतं. म्हणून तर दोन गोळ्या देतात. २००६ मध्ये बार्सिलोनातल्या हृदयरोग परिषदेत या उशिरा होणाऱ्या गुठळ्यांवरून मोठी खळबळ उडाली होती. २००७ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी सूचनापत्रक काढलं : गोळ्या मुदतीआधी थांबवू नका, थांबवण्याआधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारा, पुढे ढकलता येण्यासारखी शस्त्रक्रिया पुढे ढकला. त्या पत्रकात दंतवैद्यांची संघटनाही सामील होती. इतक्या वर्षांनीही हे दाताच्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही, याचा मला संताप येतो.

आता स्टेंट सुधारलेत, गुठळीचा धोकाही पूर्वीपेक्षा कमी झालाय. झटका आलेल्यांना दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर, इतरांना सहसा सहा महिने देतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर मुदत आणखी कमी करतात. पण ती रुग्णागणिक ठरते आणि ज्यांनी स्टेंट बसवला त्यांनीच ती ठरवायची असते. हे तुमच्या लेखात कुठेच नव्हतं.

आणखी एक. गेल्या महिन्यात तुमच्याच पुरवणीत पित्तावर ओमेप्राझोल घ्या असा सरसकट सल्ला होता. क्लोपिडोग्रेलचा परिणाम ओमेप्राझोलमुळे कमी होतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच दिलाय. स्टेंटवाल्यांना पित्ताचा त्रास होतोच, पण त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरी गोळी निवडू शकतात. छापण्याआधी एखाद्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर ही चूक टळली असती.

कृपया उद्याच्या अंकात ठळक चौकट छापा : दात काढायचा असो वा ऑपरेशन, हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय स्टेंटनंतरच्या गोळ्या बंद करू नका. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, जिथे तो लेख छापला त्याच जागी.

आपला,
एक नियमित वाचक